पटाशीची परीक्षा

राजारामपुरीत हत्यारे विकणाऱ्या त्या गृहस्थांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत आहे. कारण लाकूड तासायच्या प्रत्येक पटाशीची धार ते स्वतःच्या हाताचे केस भादरून पारखतात. निवृत्तीनंतर सुतारकाम शिकावे, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. स्वस्त पटाशी घ्यावी की महाग, हा माझा प्रश्न होता. निवड चुकली असती, तर पत्नीने माझा छंद पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला असता.

"मास्तर, हात द्या की," ते म्हणाले. "माझ्या हातावर आता केसच ऱ्हायलं न्हाईत."

पेटीतून काढलेल्या महागड्या पटाशीने माझा एकही केस कापला नाही. मग त्यांनी सर्वांत स्वस्त पटाशी दहा मिनिटे दगडावर घासली आणि माझ्या हातावर एक स्वच्छ पट्टा काढला.

"बघितलासा न्हवं? धार पेटीत येत न्हाई. आपली आपण लावायची."

मला ते पटले. तरीही शिक्षकी सवयीने मी म्हणालो, "परीक्षा न्याय्य व्हायची, तर महाग पटाशीही दगडावर घासायला हवी."

त्यांचा चेहरा खुलला. "व्हय की! दुसरा हात द्या."

मी स्वस्त पटाशी घेतली.