पाटी आणि कांडी
सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास आला की मला ती दुपार आठवते. मिशनच्या शाळेतली नोकरी सोडून मी शुक्रवार पेठेत चार मागांचा कारखाना काढला होता, आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांसाठी जेवणाच्या सुटीत तिथेच फुकट वर्ग ठेवला. पहिल्या दिवशी नव्या पाट्या वाटल्या आणि सवयीने हात जोडून डोळे मिटले. वडील मिशनचे उपदेशक. आमच्या घरी प्रार्थनेवाचून कुणी ताटसुद्धा पुढे ओढत नसे. डोळे उघडले तर पाट्या जमिनीवर आणि बायका गायब. दारात एक म्हातारी तेवढी थांबली होती. “बाटवतील म्हणून पळाल्या समद्या,” ती म्हणाली. “अक्षरं पायजेत की आमाला, बाई. पण देव हाय त्योच बरा.” मला राग आला, स्वतःचाच. दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, “तुम्ही मला कांडी भरायला शिकवा, मी तुम्हाला अक्षरं शिकवते.” माझा धागा दर दोन फेऱ्यांनी तुटायचा. ती पोट धरून हसली आणि मग तिनेच पाटी मागितली. आठवड्याभरात बाकीच्याही आल्या. वर्ग अजून चालतो. धड्याआधी मी अजून प्रार्थना करते. फक्त डोळे मिटत नाही.