पलीकडचा बाजार

माझं शिलाई मशीन मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ताई, दारात एवढा उजेड आहे आणि तुम्ही अंधाराकडे तोंड करून काय बसता? मी सांगते, उन्हाने डोळे दुखतात. ते साफ खोटं आहे. दारासमोर हायवे आहे, आणि बाजाराच्या दिवशी त्या हायवेकडे बघत बसले तर माझ्याने एक टीप सरळ मारवत नाही.

मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कोणी म्हणेल बाई मोठी धीराची, हायवेला लागून दुकान टाकून बसली आहे. हा बाजार कसा वाढला, ते मी सांगणारच आहे. त्यावर इथले पुढारी भाषणं ठोकतात. माझ्या लेखी मात्र त्याची गोष्ट एवढीच, की त्याच्यापायी माझी आई दर आठवड्याला हायवे ओलांडायला लागली.

तलासरीचा बाजार पूर्वी रस्त्याच्या एकाच अंगाला होता. किराणा, भांडी, कापड, चपला, सगळं तिकडेच. डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या जीपही तिथेच एका चिंचेखाली थांबायच्या, आजही थांबतात. पलीकडे होतं गवत आणि एक पंक्चरवाला. ट्रकवाले उघड्यावर आंघोळी करायचे, त्यामुळे ‘पलीकडे’ म्हटलं की बायका नाक मुरडायच्या. मग गुजरातच्या हद्दीवरच्या कंपन्यांच्या बसगाड्या पलीकडे थांबू लागल्या, कारण बस वळवायला जागा तिकडेच होती. बसमधून उतरलेल्या माणसाला चहा लागतो. चहाबरोबर वडा लागतो. मग मोबाइलचं रिचार्ज लागतं, मग घरी न्यायला पोरांच्या चपला. बघता बघता गवताच्या जागी गाळे उभे राहिले.

त्या पहिल्या गाळ्यांतला एक माझा. जुन्या पेठेत मी आधी जागा विचारली होती. तिथल्या शेठने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, “पाड्यावरच्या बाईला दुकान कशाला? घरी बसून शिव ना.” म्हणून मी पलीकडे आले. माझ्या एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला कोंबडीवाला. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणून फक्त धूळ यायची. ती मात्र न चुकता यायची.

आता काय नाही इथे! बँक आली, दवाखाने आले, मराठी आणि गुजराती दोन्ही पाट्या लावलेली साड्यांची दुकानं आली. एका दुकानाबाहेर सहा फुटी बाहुलीला पैठणी नेसवून उभी केली आहे. तिच्या ब्लाउजला मागून टाचण्या मारल्या आहेत. ते बघून माझा जीव खालीवर होतो, पण मला कोण विचारतो. पूर्वी साध्या अस्तरासाठी मी डहाणूला जायचे. आता डहाणूच्या बायका ब्लाउज शिवायला इथे येतात आणि येताना अस्तरही इथेच घेतात. ज्या शेठने मला जागा नाकारली होती तो म्हणायचा, मी मेलो तरी पलीकडे पाय ठेवणार नाही. तो शब्दाचा पक्का निघाला. त्याच्या मुलाने इकडे दोन मजली दुकान घातलं, आणि शेठ अजून जुन्या दुकानात दोरखंड आणि उदबत्त्या विकत बसलाय.

बाजार इकडे सरकला तसं गिऱ्हाईक इकडे सरकलं. गिऱ्हाईक सरकलं तशा आठवडी बाजाराला येणाऱ्या पाड्यावरच्या बायकाही सरकल्या. त्यांत माझी आई. वालाच्या शेंगा, काकड्या, रानातली भाजी, ज्याचे दिवस असतील ते टोपलीत घालून ती जीपने जुन्या बाजूला उतरते. मग हायवे ओलांडून माझ्या गाळ्यासमोर येते आणि सागाच्या पानांवर वाटे लावून बसते. ती वजनाने विकत नाही. एक पान, एक वाटा.

आता आमच्या पाड्यावरच्या बायका कशा चालतात ते सांगायला हवं, कारण माझी सगळी भीती त्या चालण्यात आहे. त्या एकीमागे एक चालतात. शेताचा बांध एका पावलाचा, दोन्ही अंगांना भात उभं, शेजारी शेजारी चालणार कशा? पुढची काठीने गवत हलवते, म्हणजे साप-किरडू बाजूला होतं. मधल्यांनी पुढचीच्या टाचा बघायच्या. आणि सगळ्यात मागे असते वयाने मोठी बाई. कोणाच्या पायात काटा गेला, कोणी दमून बसली, तर तिला ते दिसतं. मोठी मागे आहे म्हटल्यावर पुढच्यांनी वळून बघायचं नाही, असा रिवाजच आहे. बांधावर वळून बघणारी चिखलात पडते.

बांधावर हे सगळं ठीक आहे. हायवेवर काय होतं? पुढची बघते, गाडी लांब आहे. ती पाऊल टाकते. तिच्यापुरतं ते बरोबरच असतं. दुसरी गाडी बघत नाही, पुढचीच्या टाचा बघते. तिसरी दुसरीच्या. रांगेची शेपटी रस्त्यात येईपर्यंत लांबची गाडी जवळ आलेली असते. आणि त्या शेपटीला माझी आई असते.

एकदा मी दारात उभी राहून हे बघितलं. ट्रेलरचा भोंगा वाजला, आई धावली, टोपलीतल्या शेंगा रस्ताभर झाल्या. तिची एक चप्पल मागे राहिली आणि ट्रेलर त्या चपलेवरून गेला. माझ्या हातातली कात्री कधी पडली ते मला कळलंही नाही. आई अनवाणी पायाने आली, पानं मांडली आणि उरलेल्या शेंगांचे वाटे लावायला बसली.

“आये, मरायचं हाय काय तुला?” मी अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडले.

“वरडू नको बाय,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक बघतंय.”

त्या दिवसानंतर मी मशीन भिंतीकडे वळवलं. त्याने भीती कमी झाली असं नाही. ती डोळ्यांतून कानांत गेली, एवढंच. भोंगा वाजला की पाय पायपट्टीवरून आपोआप उचलला जातो. गिऱ्हाइकं थट्टा करतात, ताईंच्या सुईत बाजाराच्या दिवशी दोरा जात नाही. हसायला त्यांचं काय जातंय!

मी उपाय केले नाहीत असं नाही. खाली बोगदा आहे, तिथून ये म्हटलं. बोगदा नाक्यापासून चांगला लांब, पावसात गुडघाभर पाणी आणि उन्हाळ्यात वास. जुन्या बाजूलाच बस म्हटलं, तर म्हणाली, “तकडं कोन घेतंय? तकडं आता कुत्री झोपतात.” मग म्हटलं, निदान तू पुढे चाल. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मला वेडच लागलंय.

“मी पुढं झाले त मांगचीला कोन बघंल?”

शेवटी मी म्हटलं, तारपा वाजला की नाचात कशा सगळ्या कमरेत हात घालून एका ओळीत उभ्या राहता, तशा राहा आणि सगळ्या एकदम ओलांडा. यावर आई एवढी हसली की तिला ठसका लागला. “रस्त्यावं नाचू? मंग तारपा कोन वाजवंल, ट्रकवाला?” बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मी रागाने आत जाऊन चुकीच्या ब्लाउजला काजं केली.

मग दिवाळीच्या आधीचा बाजार आला. शिवणकामाची ती सगळ्यात वाईट वेळ. मान वर करायला फुरसत नाही, जिला तिला आजच पाहिजे असतं. बाहेर नाका नुसता उसळत होता. झेंडू, कंदील, साड्या, मोटारसायकली उलट्या बाजूने घुसताहेत, हायवेवर ट्रकांची रांग तुटत नाही. मी भिंतीकडे तोंड करून हातशिलाई करत होते. भोंगे इतके वाजत होते की वेगळा कुठला ऐकू येईल अशी सोयच नव्हती.

मागे दारात टोपल्या उतरल्याचा आवाज आला. बायका बोलायला लागल्या. आल्या एकदाच्या, म्हणून मी श्वास सोडला आणि सुईत दोरा ओवला. मग लक्षात आलं, आईचा आवाज नाही.

“आये कुठे हाय?” मी न वळता विचारलं.

“मांगं हाय की,” पुढे चालणारी बाई म्हणाली. ती पानं पसरत होती. तिनेही वळून बघितलं नाही.

मोठी मागे आहे म्हणून कोणीच बघितलं नव्हतं. सगळ्या टाचा बघत बघत माझ्या दारात येऊन पोचल्या होत्या, आणि मागे कोणी नव्हतं.

मी उठले. दारापर्यंत गेले. रस्त्याकडे बघायला मला मान वळवता येईना, खरंच सांगते. मनात त्या चपलेशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

शेवटी मान वळवली. आई दुभाजकावर होती. लोकांनी रेलिंग तोडून एक फट केली आहे, त्या फटीत उभी. डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला, दुसऱ्या हाताने रेलिंगचा तुटका दांडा धरलेला. तिच्या पुढूनही गाड्या, मागूनही गाड्या. प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने तिचं लुगडं उडत होतं आणि ती जागची हलत नव्हती. ना पुढे, ना मागे. अशी थिजलेली मी तिला आयुष्यात बघितली नव्हती.

मी तो अर्धा रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही. मोटारसायकलवाल्याने दिलेली शिवी तेवढी आठवते. तिच्यापाशी पोचले, दांडा धरला, आणि मग मीही तिथेच अडकले. येताना मी गाड्या बघितल्या नव्हत्या. आता त्या दिसत होत्या. जमीन हादरत होती, टँकरच्या चाकाची गरम हवा पोटऱ्यांना लागत होती. मला रडू फुटलं.

“तू पुढं हो,” मी म्हटलं.

“तू पुढं हो,” आई म्हणाली. “मी मांगं हाय.”

“मी नाय जायची तुला मांगं ठेवून.”

“मंग मी पन नाय.”

अशा आम्ही दोघी, हायवेच्या मधोमध, एकमेकींना पुढे घालत उभ्या. तिने टोपली उतरवून कडेवर घेतली आणि दुसरा हात माझ्या कमरेत घातला. तिची बोटं माझ्या कमरेत रुतली.

“आये, तुला भ्या वाटतंय?”

“लय,” ती माझ्या कानाशी ओरडली, कारण त्याशिवाय ऐकू येत नव्हतं. “दर खेपेला वाटतं.”

इतकी वर्षं मी धरून चालले होते की तिला कळतच नाही, म्हणून ती घाबरत नाही. भीती सगळी माझ्या वाट्याला आली आहे, अशी माझी समजूत होती.

“मंग येतेस कशाला? शेंगा काय, तकडंपन इकल्या जातील थोड्या!”

“शेंगांचं काय,” ती म्हणाली. “तू हकडं हायस.”

एक टेम्पोवाला थांबला. त्याच्यामागच्यांनी भोंग्यांचा गोंधळ घातला, पण तो थांबून राहिला. आम्ही कमरेत हात घालून, पावलाशी पाऊल लावून रस्ता ओलांडला. ती पुढे नाही, मी मागे नाही. गाळ्यासमोर पोचल्यावर बायका उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. कोणी हसलं नाही. पुढे चालणारी बाई खाली बसली आणि आईच्या टोपलीतल्या शेंगांचे वाटे लावू लागली.

आता बाजाराच्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी मी शटर अर्धं ओढते आणि जुन्या बाजूला जाते. गिऱ्हाइकं बडबडतात, बडबडू देत. इथे उड्डाणपूल होणार, असं पुढारी सांगतात. होईल तेव्हा होईल. चिंचेखाली जीप थांबते, बायका उतरतात, टोपल्या कडेवर घेतात आणि रस्त्याच्या कडेला कमरेत हात घालून एका ओळीत उभ्या राहतात. पहिल्यांदा लाजल्या होत्या, आता लाजत नाहीत. गाड्या येतात त्या अंगाला मी असते, माझ्या शेजारी आई. भीती अजून तेवढीच वाटते. उलट आता ती दोन्हीकडून कळते, कारण आईचा हात माझ्या कमरेवर आवळलेला असतो.

पाऊल टाकायच्या आधी ती दर वेळी विचारते, “मांगं कोन राहलं काय?”

मी वळून बघते. चिंच असते, बंद शटरं असतात, आपल्या दुकानात बसलेला तो म्हातारा शेठ असतो.

“कोन नाय, आये,” मी सांगते. मग आम्ही निघतो.