बाकी शून्य

नेरूळच्या ऑफिसात माझं काम एकच. लोकांनी वर्षानुवर्षं ठिगळं लावून वाढवलेली हिशेबाची शीट घ्यायची आणि तिचा कोड लिहायचा. ज्याला कोड वाचायची भीती वाटते, त्याला रंगीत ठोकळे जोडून चालणारं ॲप करून द्यायचं. हिशेब तोच, रूपं तीन. तिन्हींचं उत्तर जुळलं की मी खुशाल डबा उघडायची.

आमचं गाव तिथून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, खाडीकाठी. गावच्या मच्छीमार सोसायटीची शीट मीच केली होती. होड्या किती गेल्या, किती परतल्या, बाकी किती, एवढंच. होडीचं नाव त्यात लिहायचं नाही, कारण बाहेर असलेल्याचं नाव घेऊ नये असं आमच्याकडे मानतात. मीही मानते, हसायचं तर हसा. धक्क्यावर माझी आत्या बसते आणि होडी लागली की मोजते, लाभ, दोन, तीन. पहिल्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. बोलते तसंच ती फोनवर शीटच्या एकेका चौकोनात टाकते. शीट फक्त आकडे मोजते, शब्द सोडून देते. म्हणून मी परतलेल्या होड्यांच्या सूत्राच्या शेवटी अधिक एक लावला होता, त्या लाभाचा.

पुढे कॉलेजच्या मुलींनी त्याचं ठोकळ्यांचं ॲप केलं. ते चौकोन भरलाय की रिकामा एवढंच बघायचं, आत शब्द असो की आकडा. मग गावात सगळ्यांना आपोआप मेसेज जावा म्हणून मी सूत्राचा कोड केला, अधिक एकासकट, जसाच्या तसा. कित्येक महिने तिन्ही जुळत होती.

त्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला. ऑफिसच्या खिडक्या थडथडायला लागल्या, तेवढ्यात मेसेज आला, 'बाकी ०'. मी सुटकेचा निःश्वास टाकला. दादा, माझा सख्खा भाऊ, त्या होड्यांतच होता. थोड्या वेळाने वहिनीचा फोन आला.

"तुजा मोबाईल म्हनतो सगले आले. मंग यो कुठं हाय? घरी नाय आला अजून."

"पलीकडं जाळं वाळवत असेल गं."

"बघून आलू मी. नाय तिकडं."

दादाचा फोन लागेना. मी ठोकळ्यांचं ॲप उघडलं. तिथे लिहिलं होतं, बाकी १. शीट उघडली, बाकी ०. कोड पुन्हा चालवला, बाकी ०.

मला ते शून्य हवं होतं. आयुष्यात कुठल्या आकड्यासाठी मी इतकी लाचार झाले नव्हते. दोन विरुद्ध एक, असं मी स्वतःला सांगत होते. ॲप पोरींनी केलंय, काहीतरी राहिलं असेल. शेजारचा सहकारी म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, शीट तर मूळ आहे ना?" त्याच्यावर मी अशी खेकसले की तो खुर्चीसकट मागे सरकला. मूळ म्हणे! मूळ धक्क्यावर होतं, आणि मी एसीत बसले होते.

मग मी शेवटचं उत्तर बघायचं सोडून वरचे चौकोन बघितले. पहिल्यात लाभ नव्हता. तिथे सरळ १ होता, आणि खाली ओळीने ८ पर्यंत. सकाळी होड्या नऊ गेल्या होत्या. आठ आकडे, वर माझा अधिक एक, झाले नऊ. आत्याला फोन लावला, ती तापाने घरी पडली होती. तिच्या जागी सोसायटीचा नवा कारकून बसला होता, साताऱ्याकडचा, भला माणूस. पहिली होडी आली, त्याने एक लिहिलं. कुणीही एकच लिहील. त्याला तोंडं ओळखता येत नव्हती, आणि मेसेज आल्यावर गाव निवांत घरी गेलं होतं. दादा खाडीत होता आणि त्याची वाट बघणारं धक्क्यावर कुणी नव्हतं.

रिक्षातून मी गावातल्या प्रत्येकाला फोन केला. "एक हाय अजून बाहेर," एवढंच ओरडत होते. नाव घेतलं नाही, तेव्हासुद्धा नाही. धक्क्यावर पोचले तर दोन होड्या निघाल्या होत्या, ओहोटी लागली होती, आणि वहिनी पाण्याकडे पाठ करून उभी होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता आठवत नाही. हातातल्या फोनवर अजून तेच होतं, बाकी ०. तो फोन पाण्यात भिरकावून द्यावा असं वाटत होतं.

अंधार पडता पडता होड्या दिसल्या, दोनाच्या तीन. दादाचं इंजिन बंद पडून होडी खाडीपलीकडे उलव्याच्या अंगाला चिखलात रुतली होती, फोन भिजला होता. छातीपर्यंत चिखलाने माखलेला तो दोघांच्या आधाराने वर आला. वहिनीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याचा शर्ट घट्ट धरून रडत राहिली. आत्या गोधडी गुंडाळून, तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिने दादाच्या तोंडावरून हात फिरवला.

"लाभ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "टाक. बघते काय?"

नवव्या चौकोनात मी लाभ असं लिहिलं. शीटने तो शब्द नेहमीप्रमाणे मोजला नाही. खालचं शून्य होतं तसंच राहिलं, फक्त आता ते खरं होतं.