आवाज आला नाही

लातूरच्या ज्या शाळेत मी संगणक शिकवते, तिथं मुलं आता बाईंसमोर वाचत नाहीत, टॅबसमोर वाचतात. मूल धडा मोठ्यानं वाचतं, टॅब ऐकतो आणि गुण देतो. शाळा कोचिंगवाल्यांचीच, त्यामुळं पाचवीपासूनच डॉक्टर व्हायची घाई. वाचनात जो मागं पडला त्याला सरळ घरी पाठवतात. त्या टॅबचे कान शाबूत ठेवणं हे माझं काम.

निम्मे घोटाळे पोरांनीच केलेले असतात. टॅब विचारतो, मायक्रोफोन वापरू का? घरी बापानं बजावलेलं असतं, मोबाइलनं काही विचारलं की 'नाही' दाबायचं. पोरं इमानदारीनं 'नाही' दाबतात आणि मग तासभर बहिऱ्यापुढं वाचत बसतात. कुणाच्या आईनं गोधडीच्या तुकड्याचं जाडजूड कव्हर शिवून दिलेलं, त्यात माइकचं भोकच झाकलेलं. मी चिडते, चार शब्द सुनावते आणि दुरुस्त करून देते.

दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी मोठ्या सरांनी बोलावलं. वसतिगृहात हिमायतनगरची एक मुलगी दसऱ्याच्या तोंडावर नव्यानं आली होती, तिला प्रत्येक चाचणीत शून्य पडत होतं.

"मॅडम, पोरगी तोंडच उघडत नाही. वडिलांना फोन केलाय, उद्या घेऊन जातील."

मुलगी मुळातच अबोल, त्यामुळं कुणाला नवलही वाटलं नव्हतं. मला राग आला. निदान टॅब तरी तपासायला हवा होता.

मी तिला संगणकाच्या खोलीत बसवलं आणि वाच म्हणाले. तिनं वाचायला घेतलं. आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. धडा संपला आणि पडद्यावर अक्षरं आली: आवाज आला नाही.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी तिच्याच वयाची होते. गणपती विसर्जनाची रात्र. आई, वडील आणि मी अंगणात झोपलो होतो. धाकटी बहीण गार लागतंय म्हणून आत जाऊन झोपली. पहाटे घराचा दगडमातीचा ढीग झाला. उजाडल्यावर मदतीला माणसं आली. ती एकेका ढिगावर जायची, सगळ्यांना गप्प करायची, मग एक जण पालथा पडून दगडाला कान लावायचा. आवाज आला तर तिथं आधी खणायचं, नाहीतर पुढच्या घराकडं जायचं. त्यांचंही बरोबरच होतं, हात थोडे आणि ढीग गावभर. आमच्या ढिगाशी आई तोंडात पदर कोंबून बसली होती, आपल्या रडण्याखाली लेकीचा आवाज बुडू नये म्हणून. तो माणूस बराच वेळ पडून राहिला. मग उठला आणि खाली बघत म्हणाला, "आवाज येत न्हाई." बहिणीला दुसऱ्या दिवशी काढलं.

वडील जिवंत होते तोवर एकच सांगत राहिले, "झोपेतच गेली ती. तिला काही कळलंच न्हाई." आवाज आला नाही, म्हणजे ती आधीच गेली होती. कुणाची वाट बघत नव्हती, आईला हाका मारत नव्हती. आमचं घर या एका गोष्टीवर तगलं. आई तर अजून त्यावरच जगते.

आणि इथं माझ्यासमोर एक मुलगी धडधडीत बोलत होती.

मी परवानगी तपासली, ती दिलेली होती. कव्हर काढलं. मग मोबाइलच्या उजेडात माइकचं भोक बघितलं, तर ते लालभडक.

"हे काय गं?"

मुलगी रडवेली झाली. "दसऱ्याला पूजा केलती, मॅडम. सरच म्हणले, टॅबची पूजा करा."

बाकीच्यांनी टॅबच्या पाठीवर बोट टेकवून काम उरकलं होतं. हिनं मन लावून केली होती. कुंकू ओलं करून, जागा शोधून. "तिथं बारीक भोक दिसलं. मला वाटलं, कुंकू लावायची जागाच हाय."

वाळून घट्ट बसलेलं कुंकू मी मऊ ब्रशनं हळूहळू खरवडलं. तिनं पुन्हा वाचलं आणि एकेक ओळ हिरवी होत गेली. सरांनी तिच्या वडिलांना येऊ नका म्हणून कळवलं. पोरगी पहिल्यांदा हसली. मला हसू येईना.

शाळेतलं सगळं घरी आईला सांगायची माझी सवय. ती तुरीची डाळ निवडत होती. मशीनच्या कानात कुंकू भरलं होतं, हे ऐकून ती खळखळून हसली. मग तिची बोटं सुपातच थांबली.

"म्हंजे पोरगी बोलूनच राहिलती? अन् यांना ऐकूच येत नव्हतं?"

तिच्या तोंडाकडं बघवेना.

"न्हाई आई," मी म्हणाले. "लई भित्री हाय ती. गप्पच बसलती."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग सूप जवळ ओढून घेतलं.

"हाव," ती म्हणाली, "गप्पच असंल."