क्लीनर साइडचा पडदा

खोपटच्या एसटी आगारामागच्या गल्लीत भगवानचा गाळा आहे. एक शिलाई मशीन, कापडाचे तागे, आणि भिंतीवर खिळ्यांच्या चार ओळी. प्रत्येक खिळ्याला दोरे लटकतात. भगवान टेप वापरत नाही. खिडकीला दोरा लावतो, रुंदीला एक गाठ मारतो, उंचीला दोन. निळा दोरा ड्रायव्हर साइडचा, पांढरा क्लीनर साइडचा. ज्या पडद्याला काचेकडून काळं अस्तर लावायचं, त्याच्या दोऱ्याच्या टोकाला काळ्या धाग्याची आणखी एक गाठ. गाडी भंगारात गेली किंवा गिऱ्हाईक तुटलं की दोरा उतरवतो.

"लिहून ठेवलेलं माणूस परत वाचत नाही, बाई," तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला. "दोरा हातात आला की खिडकी आठवते."

मी साठ वर्षं रोज रोजनिशी लिहिते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

भगवानचे वडील आगारात गाड्या धूत. आई मंजुळा आगाराबाहेर उकडलेली अंडी विकायची. आठवी सोडून तो बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि सोळा वर्षं त्याने रातराणी गाड्यांचे पडदे शिवले. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने घड्यांच्या शेड शिकून घेतल्या. कागदी पंख्यासारख्या मिटतात, चार बारीक दोऱ्यांवर वरखाली होतात, त्या. रुग्णवाहिका, शूटिंगच्या मेकअपच्या गाड्या, हौशी लोकांच्या मोटारहोम, असं त्याचं काम. राहायला दिवा स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. "आमच्याकडे नळ फक्त शोभेला," म्हणायचा. दोन कॅन रोज खोपटहून भरून न्यायचा.

त्याची बायको दर्शना आठ वर्षांपूर्वी गेली. शेवटचे नऊ दिवस ती दवाखान्याच्या एका मोठ्या हॉलमध्ये होती. चाळीस खाटा, मध्ये आडोसा नाही. भगवानने घरून पांढरं कापड आणून तिच्या खाटेभोवती बांधलं. दुसऱ्या दिवशी ते सोडून घडी करून त्याच्या हातात देण्यात आलं. नियमात बसत नव्हतं. हे त्याने मला शेड लावता लावता सांगितलं, तोंडात स्क्रू धरून.

मी त्याच्याकडे गेले ती कलावतीसाठी. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत ती एकोणचाळीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहिली. मार्चमध्ये इमारत धोकादायक ठरली आणि आम्हाला तीन दिवसांत बाहेर काढलं. मी ठाण्याला भाचीकडे आले. कलावतीच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा पाचच आठवडे झाले होते. खालचा जबडा डावीकडून पूर्ण काढला होता. बोलता येत नव्हतं, नाकातल्या नळीने जेवण. ती पाटीवर लिहायची.

तिचा मुलगा प्रीतम याने दोन खोल्या शोधल्या, एक दिव्यात, एक कल्याणला. कलावतीने पाटीवर लिहिलं, "नवा जिना नको. नवे शेजारी नकोत."

प्रीतमकडे एक मोटारहोम होती. छोट्या बसच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली. पलंग, बेसिन, शेगडी, आत छोटा संडास. कोकणात जाणाऱ्यांना तो ती भाड्याने द्यायचा. कलावतीने ठरवलं की ती त्या गाडीत राहणार. शहाडला ओळखीच्या एका माणसाच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लागली. तिथूनच रोज दुपारी ठाण्याला रेडिएशनला जायचं, तीस वेळा. गाडी थेट दवाखान्याच्या मागच्या दारापाशी लागली की चार पावलांत आत. तोंडावरून ओढणी घेतली तर कुणी बघणार नाही.

खिडक्यांच्या शेड मात्र तुटल्या होत्या. सहलीला गेलेल्यांनी दोऱ्या ओढून तोडल्या होत्या आणि घड्या आतड्यांसारख्या लोंबत होत्या. प्रीतमने साड्या टाचण्यांनी लावल्या, पण गाडी रस्त्याला लागली की त्या सुटायच्या. पत्रीपुलावर एकदा गाडी अडकली असताना, उकाड्याने काच सरकवलेल्या खिडकीवरची साडी खाली आली. शेजारच्या रिक्षातली बाई आत बघून किंचाळली. त्या दिवशी कलावतीने लिहिलं, "पडदे होईपर्यंत मी जाणार नाही."

भगवान शहाडला आला तो एका शनिवारी. प्रीतमने त्याला दारातच थांबवलं.

"आई आत कुणाला घेत नाही."

"मला नुसती खिडकी बघायचीय, साहेब. माणूस नाही."

आतून पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. मी वाचून सांगितलं, "नाही म्हणते."

भगवानने खिशातून दोरे काढले. मग म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. बाहेरून घेतो माप." गाडीभोवती फिरून त्याने काचेच्या चौकटींना दोरे लावले. बाजूंच्या काचा काळपट होत्या, उन्हात आतलं काही दिसत नव्हतं. जाताना त्याने दाराकडे बघून, आत ऐकू जाईल असं म्हटलं, "ताई, आठवड्यात देतो. पडद्यामागे कोण आहे ते बघायचं आपलं काम नाही."

कलावतीने पाटी माझ्यापुढे धरली. "आता मी पडदानशीन बेगम." तिचे डोळे हसत होते. बाकी चेहऱ्याला हसता येत नव्हतं.

रोजनिशीत पडद्यांची पुढची नोंद मंगळवार, १५ एप्रिलची आहे. सकाळी साडेदहाला भगवानचा फोन आला. त्याच्याकडचं जाड काळं अस्तर एकाच बाजूला पुरणार होतं. नवा तागा भिवंडीहून यायला पंधरा दिवस लागणार होते.

"तर बाई, सांगा. ड्रायव्हर साइडला लावू की क्लीनर साइडला?"

मी विचार केला. बेसिन, संडास, पुसायची फडकी, फिनेलची बाटली, हे सगळं गाडीत एका बाजूला होतं. पलंग त्याच्या समोर. कलावतीची नळी धुवायला बेसिनपाशी उजेड लागायचाच.

"क्लीनर साइडला उजेड असू दे," मी म्हटलं. "अस्तर दुसऱ्या बाजूला लाव."

"नक्की?"

"नक्की."

मी रोजनिशीत लिहिलंसुद्धा. "क्लीनर साइड: पातळ कापड. समोर: काळं अस्तर." खाली रेघ मारली.

पुढच्या सोमवारी, पडदे त्याच दिवशी लागणार म्हणून, कलावती रेडिएशनसाठी आत गेली आणि गाडी दवाखान्याच्या गल्लीत उभी असताना भगवानने पाऊण तासात सगळ्या शेड बसवल्या. दोन्ही बाजू आतून सारख्याच, मोतिया रंगाच्या; अस्तर असलंच तर ते काचेकडे. घड्या अशा नेमक्या की बोट फिरवावंसं वाटावं. तो आपला उतरून निघून गेला. कलावती आली, पलंगावर बसली, आणि कितीतरी वेळ शेडची दोरी वर-खाली करत राहिली. मग लिहिलं, "छान शिवलंय. सांग त्याला." मी फोन करून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी शहाडलाच होते. सात वाजता तिला नळीने सूप द्यायचं होतं. आत अंधार झाला होता. दिवा मीच लावला. पलंगाच्या मागच्या कोपऱ्यातला, पांढरा, चांगला मोठा.

प्लॉटच्या कडेला पाण्याचा टँकर यायची वेळ होती. ड्रम घेऊन पन्नासेक माणसं रांगेत होती. पहिल्यांदा एक लहान मूल रडायला लागलं. मग बाहेर एकदम शांतता झाली. मग एक पुरुषाचा आवाज आला, "ए, पिक्चर चालू झाला रे."

"अगं, ते काय आहे? अर्धं तोंडच नाय."

"मोबाइल काढ ना."

मला वाटलं, त्यांचं आपसात काही चाललंय. कलावतीला आधी कळलं. तिने मान वळवून शेडकडे पाहिलं, आणि तिने मान वळवल्याबरोबर बाहेर दोन बायका किंचाळल्या. तेव्हा मला कळलं. दिवा आणि पलंगाजवळची खिडकी यांच्या मधे ती बसली होती. पातळ कापडावर तिची सावली पडली होती, कपाळ, नाक, वरचा ओठ, आणि त्याखाली काही नाही. नाकातून निघालेली नळी.

मी दिवा बंद केला. सूप चादरीवर सांडलं होतं. कलावती पलंगावरून खाली उतरली आणि संडासाच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. रात्रभर तिथेच होती, असं प्रीतमने सकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भगवानला बोलावलं. प्रीतमने त्याला प्लॉटच्या फाटकाशीच गाठलं.

"पडदे शिवतोस की साडीच्या दुकानात बसतोस? क्लीनर साइडला पलंग आहे. अस्तर तिकडे लावायचं, एवढं कळत नाही?"

"क्लीनर साइडला?" मी विचारलं.

"डावीकडे, मावशी," प्रीतम चिडून म्हणाला. "ड्रायव्हर उजवीकडे बसतो, क्लीनर डाव्या दाराशी. गाडीवाल्यांचं शेंबडं पोरही सांगेल."

साफसफाईचं सामान ज्या बाजूला ती क्लीनर साइड, असं मी धरून चालले होते. मी भगवानकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. मी बोलायला हवं होतं. माझ्या पिशवीत रोजनिशी होती, पान उघडून दाखवायचीच खोटी. मी पिशवी काखेत घट्ट धरली.

"चूक झाली, साहेब," भगवान म्हणाला. "दोऱ्याला गाठ उलटी बसली. उद्या दुपारपर्यंत दुसरी देतो. माझ्याकडच्या एका गाडीचं अस्तर उसवून लावतो."

"तू परत फाटकाच्या आत यायचं नाही."

मी आत गेले. कलावतीने पाटी पुढे केली. "तो पडदेवाला परत नको." मी ओल्या फडक्याने पाटी पुसली. खडू माझ्या हातात होता. मी तो तिला परत दिला.

प्रीतमने खिडकीला आतून पुठ्ठे चिकटवले. कलावतीने त्यानंतर गाडीत दिवा लावू दिला नाही. दवाखान्यात आणखी अकरा वेळा गेली. बाराव्या दिवशी गाडी सुरू झाल्यावर तिने पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि नाही अशी मान हलवली; परत ती गेलीच नाही. कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ शहाडच्या दुकानदारांच्या फोनवर फिरत होता, हे तिला कसं कळलं कोण जाणे. मी रोज जायचे. पुठ्ठ्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तिला नळीने भरवायचे. ३ ऑगस्टला, रविवारी सकाळी, ती गेली.

प्रीतमच्या ओळखीच्या मोटारहोमवाल्यांनी भगवानला काम देणं बंद केलं होतं. हे मला सप्टेंबरात कळलं, त्याच्या गाळ्यात गेले तेव्हा. भिंतीवरची एक अख्खी ओळ रिकामी होती. तो एका रुग्णवाहिकेची शेड ओवत होता. दुसऱ्या ओळीत, कोपऱ्यातल्या खिळ्याला, एक निळा आणि एक पांढरा दोरा एकत्र लटकत होते. काळी गाठ निळ्याला होती. पांढऱ्याला नव्हती. माझ्या रोजनिशीत होतं तसंच, शब्दाला शब्द.

"भगवान, चूक माझी होती."

"माहितीय, बाई."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

त्याने दोरी छिद्रातून ओढून घेतली, टोक ओठांत धरून ओलं केलं. "मी विचारायला पायजे होतं, पलंग कुठल्या साइडला आहे. एवढंच विचारायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत न बघता कापड कापलं." मग म्हणाला, "आणि बोललो असतो तर त्यांनी तुम्हालाही आत घेतलं नसतं. मग भरवलं कोणी असतं?"

मला बसायला त्याने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. आगारात गाड्यांचे नंबर पुकारत होते.

मग तो उठला आणि ताग्यांच्या मागून एक गुंडाळी काढली. मोतिया रंगाची शेड, दोऱ्या ओवलेल्या, स्प्रिंग लावलेली. मागे काळं अस्तर.

"सांगितलं होतं ना, उद्या दुपारपर्यंत. झालेली. घेऊन आलेलो फाटकापर्यंत. कुणी घेतली नाही." त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली. "दुसऱ्या कुठल्या गाडीला बसत नाही. माप तिचंच आहे."

मी ती उलगडून दाराकडे धरली. भर दुपार होती, गल्लीत ऊन होतं. शेडच्या मागे माझा हातही दिसत नव्हता.

"जरा वर धरा, बाई," भगवान म्हणाला. "खाली दोऱ्या गुंततात."