अबोला आणि तिसरा गिअर

शाळेच्या मैदानावर ती पहिल्यांदा नजरेत भरली, ती सगळ्यात मागून पळणारी मुलगी म्हणून. खेळाच्या तासाला सरांनी "मी थांबा म्हणेपर्यंत पळा" असं फर्मावलं आणि तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. सर वळताच बाकीच्या मुली सावलीला जाऊन बसल्या. ही पळतच राहिली. घंटा झाली, पुढच्या वर्गाची मुलं मैदानात उतरली, तरी ही लालबुंद तोंडानं, सुटलेल्या वेण्यांनी, गालातल्या गालात हसत फेऱ्या घालतेच आहे. सरांनी धावत येऊन अडवलं, तर म्हणाली, "आत्ता कुठे मजा यायला लागली होती, सर."

त्या दिवसापासून तिचं नाव चक्री पडलं, ते कायमचं.

ही चक्री पुढे मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरली, याचं ज्यांना नवल वाटलं त्यांनी ते मैदान पाहिलं नव्हतं. सकाळी ऊन पडलं की सुरू व्हायचं आणि संध्याकाळी सूर्य कलला की संपायचं, अशी ती शर्यत. तिथे वेग लागतो, पण त्याहून जास्त तग लागतो.

चक्रीचा संघ म्हणजे तिचं घर. अप्पांचं गॅरेज होतं. ज्या गाडीतून ते सुटे भाग आणत, जिच्या मागच्या सीटवर लहानपणी चक्रीला हमखास मळमळायचं, तीच गाडी आतून सोलून, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून शर्यतीची केली. टायर आणि इंजिन अप्पांकडे. पेट्रोल आईकडे, चिंचोळ्या बरणीत तेल ओतावं तसं ती ते ओतायची, थेंब सांडेल तर शपथ. रेडिओ आत्याकडे, कारण घरात सगळ्यात खणखणीत आवाज तिचा. आणि आळीपाळीनं गाडी चालवायला नवरा. तो आधी दुसऱ्या संघात होता. एका शर्यतीत त्याची गाडी वाळूत रुतली, तेव्हा चक्रीनं शेजारून जाताना वेग कमी करून विचारलं होतं, "ढकलायला कुणी पाठवू का?" वर्षभरात तो जावई झाला.

संघाची एक पद्धत होती. चालक बदलताना उतरणाऱ्यानं बसणाऱ्याच्या कानात गाडीचं गाऱ्हाणं घालायचं: कुठे ओढते, कुठे कुरकुरते. याला ते 'कानगोष्ट' म्हणत. हेल्मेट आणि इंजिनाच्या गोंगाटात ती बोंबलूनच सांगावी लागे, तो भाग वेगळा.

हौस दांडगी, पण शर्यत एकही पूर्ण झालेली नव्हती. कधी रेडिएटर फुटला, कधी चाकच निखळून पुढे पळालं. शेवटचा झेंडा त्यांनी नेहमी दुसऱ्यांसाठी हललेला पाहिला. शेवटी अप्पांनी निर्वाणीचं सांगितलं, "यंदा नाही संपली, तर गाडी परत माल आणायला जाईल. मीही थकलो आता."

आणि नेमक्या त्या शर्यतीच्या सकाळी नवरा-बायकोचं बिनसलं. गाडीत तिनं लावून ठेवलेला आरसा त्यानं हलवला. ती चारचौघांत म्हणाली, "आरसा कशाला हवा? तुझ्या मागे राहतंय कोण?" झालं, अबोला.

दुपारी ती गाडीतून उतरली, तेव्हा तो हेल्मेट घालून समोरच उभा होता. तिनं तोंड फिरवलं आणि आत्याला म्हणाली, "यांना सांग, दुसरा गिअर टाकायचा नाही. दात गेलेत त्याचे. आणि म्हणावं, नेहमीसारखा हट्ट केलास तर खड्ड्यात घालशील सगळ्यांना."

हेल्मेटमध्ये त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही, तो गाडी घेऊन निघून गेला. आत्यानं माईक हातात घेतला. निरोपातलं शेवटचं वाक्यच तिच्या डोक्यात घुमत होतं. भरधाव गाडीतल्या माणसाला असं कसं ऐकवायचं? बिचाऱ्याचं लक्ष उडेल. तिनं विचार केला आणि गोड आवाजात कळवलं, "ती म्हणते, सांभाळून जा."

जावई इतका सुखावला की पुढचं वळण त्यानं अगदी जपून घ्यायचं ठरवलं. जपून म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये.

कडाड असा आवाज पिटपर्यंत, म्हणजे रस्त्याकडेच्या त्यांच्या थांब्यापर्यंत, ऐकू आला. गाडी कण्हत आत आली.

"तिसऱ्यात अडकलाय," तो उतरता उतरता ओरडला. अबोला कुठल्या कुठे पळाला होता. "बाकीचा कुठलाच गिअर पडत नाही. क्लचही जळत आलाय. एकदा थांबलीस तर परत निघणार नाही."

"दुसरा टाकू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"कधी? तू तर सांभाळून जा म्हणालीस."

"मी? असलं मी कधी बोलते का तुझ्याशी?"

दोघांनी मिळून आत्याकडे पाहिलं. आत्या रेडिओचं बटण पदरानं पुसत होती.

"भांडण गाडीत बसून कर," आई पेट्रोलची टोपी आवळत म्हणाली. "टाकी काठोकाठ भरलीय. शेवटपर्यंत पुरेल."

तिसऱ्या गिअरमध्ये उभी गाडी सुटायची कशी? अप्पा, आई, आत्या आणि जावई मागे लागले. "लावा जोर, जावईबापू, आरसा हलवायला बरा जोर येतो," अप्पा धापा टाकत म्हणाले. गाडी दोन आचके देऊन सुटली आणि आत्या तोल जाऊन बसकण मारून तिथेच हसत सुटली.

मग चक्री फिरत राहिली. वळणावर गाडी गुदमरायची, सरळ रस्त्यावर किंचाळायची. सगळे तिला ओलांडून जात होते आणि हेल्मेटच्या आत तिला हसू आवरत नव्हतं. हे तर जुनंच होतं: सगळ्यात मागे, आणि थांबायचं नाही.

झेंडा हलला. शेवटून पहिली, पण पूर्ण. पिटमध्ये अप्पांनी जावयाला उचललं, ते दोघेही टायरच्या ढिगावर आडवे झाले. आईनं आत्याला मिठी मारली. हसण्याच्या नादात चक्रीला झेंडा दिसलाच नव्हता, आणि या सगळ्यात तिला 'संपलं' म्हणून कळवायचंही राहूनच गेलं. बाकीच्या गाड्या आत येऊन गार झाल्या, तरी ती एकटी फिरतेच आहे. शेवटी झेंडेवाला रस्त्याच्या कडेला येऊन दोन्ही हात हलवू लागला.

आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. कानगोष्ट ती स्वतःच सांगते, भांडण असो वा नसो. गॅरेजचा माल दुसऱ्या गाडीतून येतो. ही गाडी चक्री दर मोसमात शर्यतीला नेते.