विषारी ढगाचा मंत्र

गडचिरोलीच्या होस्टेलात आम्ही तिघं दर रविवारी दुपारी राक्षस मारायचो. शेवटच्या वर्षाचा एक भाऊ हा खेळ नागपूरहून शिकून आला होता. तो गोष्ट सांगायचा, आम्ही आपापलं पात्र होऊन पुढं काय करायचं ते बोलायचो, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवायचा. माझा रूममेट योद्धा होता. मी जादूगार, कारण मंत्रांची भलीमोठी यादी वाचायला दुसरं कुणी तयार नव्हतं. घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. मला वाटायचं, हातात दिलेलं सगळं वाचायचंच असतं.

त्या रविवारी योद्धा गुहेच्या तोंडाशी घायाळ होऊन पडला. हे पात्र रूममेटनं चार महिने जपलं होतं, हॉल तिकिटापेक्षा जास्त.

"अबे, मंत्र मार ना! मी मरून राह्यलो इथी!"

मी विषारी ढगाचा मंत्र म्हटला. फासा चांगला पडला. ढग गुहेत शिरला, आतले सगळे राक्षस मेले, योद्धा वाचला. रूममेटनं मला उचलून खाटेवर आपटलं. त्याचं अभिनंदन असंच असतं.

भाऊ खजिन्याची यादी वाचायला लागला. मी चाचरत विचारलं, "भाऊ, लहान किती मेले?"

"कोन लहान?"

"राक्षसांचे पोरं. तिथी राहत होते, म्हणजे असतीनच ना."

"पोरांचं काई लिहून नाई बे."

"पण ढग तर सगळीकडं गेला."

रूममेटनं कपाळावर हात मारला. "तुनं मले वाचवलं न? मंग सुतक काऊन पाळून राह्यला?"

मग मला सांगावं लागलं. आमचं घर मासेमारीचं, पोंभुर्ण्याकडचं. सातवीत असताना जाळं टाकायचा कंटाळा आला म्हणून मी आणि चुलतभावानं नाल्याच्या डोहात विष कालवलं. मोठे मासे हवे होते. वर तरंगत आले ते बोटाएवढे, नजर जाईल तिथवर. बाबांनी मारलं नाही. "जाळ्यातून लहान निंगून जाते," एवढंच म्हणाले, आणि मेलेलं सगळं हातानं वेचून पुरायला लावलं.

भाऊनं यादी खाली ठेवली. "साल्या, खेळाचा सत्यानाश केला तुनं. बरं, आता जादूगार काय करते?"

"आत जातो. मेलेले बाहेर काढतो."

"ढग अजून आहे आत. फासा टाकाले लागन. फसला तर तूही मरशीन."

"खजिना सोडून मुडदे उचलाले चालला गधा!" रूममेट म्हणाला.

मी फासा टाकला. तीनच पडले, म्हणजे फसला. माझा जादूगार पाच जणांना बाहेर आणून सहाव्यापाशी मेला.

भाऊनं नव्या पात्रासाठी कोरा कागद दिला. मी धनुर्धारी झालो. एका बाणात एकच मरतो, तेही मी बघत असताना. रूममेटची फक्त एक अट आहे: बाण सोडायच्या आधी समोरच्याला वय विचारायचं नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही.